तिसरी तार कुठून आणायची?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गोदाकाठच्या एका गावी माझ्या एका शाळूसोबत्याकडे गेलो होतो. तो तिथल्या विद्यालयात विज्ञान शिकवतो. संध्याकाळी आम्ही दोघे फाट्यावर चहाला गेलो, तेव्हा शेजारच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधून त्याचा एक माजी विद्यार्थी हात पुसत बाहेर आला. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अशी कामे तो करतो. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्याने आम्हाला शेडच्या कोपऱ्यात नेले. तिथे ताडपत्रीखाली एक जुने वेल्डिंग मशीन होते. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भंगारातून त्याने ते विकत आणले होते. पट्टीवर लिहिले होते : ३ फेज, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, ३०० अँपिअर. आत तांब्याची वाइंडिंग. शेडला वीज मात्र एक फेजची. तीन फेजची जोडणी घ्यायची तर खांब, तारा आणि अनामत रक्कम असा त्याच्या आवाक्याबाहेरचा खर्च होता.

तालुक्याच्या गावच्या एका मेस्त्रीने त्याला कन्डेन्सर जोडून दिले. दोन दिवस रॉड जळले. तिसऱ्या दिवशी वेल्डिंग थांबवून रॉड उचलला, आणि थोड्या वेळात मोठा आवाज होऊन एक कन्डेन्सर फुटला. मशीनजवळ उभा असलेला मदतनीस मुलगा थोडक्यात वाचला.

"सर, मला एक सांगा," तो म्हणाला, "आमच्या अण्णांची विहिरीवरची मोटार तीन फेजची आहे. तिसरा फेज गेला की ती दोन तारांवर कन्डेन्सर लावून चालते. बारा वर्षं झाली. मग मशीन का चालू नये? वीज तीच, कन्डेन्सर तोच."

प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विज्ञानातूनच मिळते. फक्त ते पुस्तकात एका जागी मांडलेले नसते. ते इथे मांडण्याचा प्रयत्न करतो.

शिलाई मशीन आणि एक फेज

पायाने चालवायचे शिलाई मशीन बहुतेकांनी पाहिले असेल. पायपट्टी वर-खाली होते आणि एका दांड्यामार्फत खालचे मोठे चाक फिरवते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दोन जागा अशा येतात, की दांडा आणि चाकाचा आस एका रेषेत असतात. त्या क्षणी पायाने कितीही दाब दिला तरी चाकाला रेटा मिळत नाही. तरीही मशीन चालत राहते, कारण जड चाक आपल्या गतीने ती जागा ओलांडून जाते. मशीन नेमके त्या जागी थांबले असेल तर मात्र पायाने सुरू होत नाही. वरच्या चाकाला हाताने झटका द्यावा लागतो.

एक फेजची वीज अशीच आहे. प्रत्यावर्ती दाब सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यातून जातो. दाब शून्य, म्हणून साध्या रोधातला प्रवाह शून्य, म्हणून शक्तीही शून्य. म्हणजे सेकंदाला १०० वेळा, दर १० मिलिसेकंदांनी, वीज काहीही काम करत नाही. दोन शून्यांच्या मधोमध ती सरासरीच्या दुप्पट शक्ती देते. घरातल्या बल्बची तार एवढ्या वेळात थंड होत नाही, म्हणून आपल्या ते लक्षात येत नाही.

आता एकाच चाकाला १२० अंशांच्या अंतराने तीन माणसे रेटा देत आहेत अशी कल्पना करा. एकाची 'मृत जागा' येते तेव्हा उरलेले दोघे रेटत असतात. ही झाली तीन फेजची वीज. इथे शक्ती नुसती शून्यापर्यंत जात नाही एवढेच नव्हे, तर ती अजिबात कमी-जास्त होत नाही. हे वर्गात पडताळून पाहता येते. रोधातली शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून साइनचे वर्ग घेऊ.

कोन ० अंश असताना तीन फेजचे वर्ग : ०, ०.७५, ०.७५. बेरीज १.५.
कोन ३० अंश असताना : ०.२५, १, ०.२५. बेरीज १.५.
कोन ६० अंश असताना : ०.७५, ०.७५, ०. बेरीज १.५.
कोन ९० अंश असताना : १, ०.२५, ०.२५. बेरीज १.५.

कोणताही कोन घ्या, बेरीज तीच येते. कारखान्यातली यंत्रे तीन फेजवर चालवण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

म्हणजे तीन फेजचे यंत्र एक फेजवर चालवताना खरी अडचण 'तार कमी आहे' ही नसते. यंत्राला अखंड शक्तीची सवय आहे आणि आपल्याकडे ठोक्याठोक्याने येणारी शक्ती आहे, ही अडचण असते. दोन ठोक्यांमधला खड्डा भरण्यासाठी ऊर्जा कुठेतरी साठवली पाहिजे. कुठे साठवली, यावरून प्रत्येक उपायाचे गुणदोष ठरतात.

फक्त दहा ज्यूल

हा खड्डा केवढा आहे? दहा गेजचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड साधारण १२० अँपिअरवर चालतो. रॉडने करायच्या वेल्डिंगसाठी आर्कचा दाब काढण्याचा एक प्रचलित नियम आहे : २० अधिक प्रवाहाच्या ०.०४ पट. म्हणजे १२० अँपिअरला सुमारे २५ व्होल्ट. शक्ती झाली १२० गुणिले २५, म्हणजे ३,००० वॅट.

एक फेजच्या शक्तीचे आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते. त्यातले ५ मिलिसेकंद शक्ती सरासरीपेक्षा जास्त असते आणि ५ मिलिसेकंद कमी. 'जास्त'च्या काळात ती सरासरीपेक्षा किती वर असते, त्याची सरासरी एकूण सरासरीच्या ०.६३७ पट येते (२ भागिले पाय). तेव्हा साठवायची ऊर्जा :

३,००० × ०.६३७ × ०.००५ = सुमारे ९.६ ज्यूल.

आर्कमध्ये लोखंड पाणी होते, पण अडते ते जेमतेम दहा ज्यूलसाठी! एक किलोचे वजन एक मीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. मात्र ती पाच हजारांश सेकंदात ठेवायची, पुढच्या पाच हजारांश सेकंदात परत द्यायची आणि हे सेकंदाला शंभर वेळा करायचे. हे दहा ज्यूल ठेवायला चार जागा आहेत : फिरणारे वजन, धारित्र (मेस्त्रीच्या भाषेत कन्डेन्सर), लोखंडी गाभ्याचा चोक, किंवा कुठेच नाही. शेवटच्या जागेपासून सुरुवात करू.

कुठेच न साठवता : साधा वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर

जुने मशीन विकत घेणाऱ्याने आधी त्याची पट्टी नीट वाचावी. मेस्त्री ज्याला 'टू फेजचे मशीन' म्हणतात, ते खरे तर एक फेजचेच असते. त्याच्या एकाच गुंडाळीची दोन टोके दोन फेजना जोडतात, म्हणून तिला ४०० व्होल्ट मिळतात. त्याला तिसरा फेज कधीच लागत नव्हता. फक्त दाब जास्त लागत होता.

अशा मशीनचा आर्क सेकंदाला १०० वेळा विझतो आणि पुन्हा पेटतो. पेटतो तो दोन कारणांनी. एक, रॉडच्या लेपात पोटॅशियमची संयुगे असतात. पोटॅशियमचे आयनीभवन सहज होते, त्यामुळे आर्कच्या जागेतली हवा वाहक राहायला मदत होते. दोन, मशीनमध्ये मुद्दाम मोठी प्रतिघातकता ठेवलेली असते. तिच्यामुळे प्रवाह दाबाच्या मागे ७० अंशांच्या आसपास रेंगाळतो. म्हणजे प्रवाह शून्य होतो त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरचा दाब जवळजवळ शिखरावर असतो. रिकाम्या मशीनचा दाब ८० व्होल्ट असेल, तर त्या क्षणी सुमारे १०० व्होल्ट तयार उभे असतात आणि आर्क लगेच पेटतो. वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरचा शक्तिगुणक इतका वाईट का, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे एक कारण हे आहे.

त्याची किंमतही मोजावी लागते. २३० व्होल्टचे ८० व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर २.८७५ आहे. दुय्यम बाजूला १२० अँपिअर हवे असतील तर मुख्य बाजूला सुमारे ४२ अँपिअर लागतात. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. ४०० व्होल्टवर हेच काम २४ अँपिअरमध्ये होते. 'टू फेज' मशीनला २३० चे ४०० करणारा ट्रान्सफॉर्मर जोडला तरी भिंतीतल्या तारेतून ४२ अँपिअरच जाणार, कारण ट्रान्सफॉर्मर शक्ती निर्माण करत नाही.

तीन फेजचे रेक्टिफायर मशीन

फाट्यावरच्या शेडमधले मशीन या जातीचे होते. यात तीन पायांच्या लोखंडी गाभ्यावर तीन जोड गुंडाळ्या असतात आणि पुढे सहा डायोड. तीन फेजवर त्यातून येणारा दिष्ट दाब शिखराच्या ८६.६ टक्क्यांच्या खाली कधी जात नाही. सरासरी शिखराच्या ९५.५ टक्के असते. त्यामुळे आर्क शांत आणि स्थिर राहतो. कारखान्यांत हे मशीन आवडते होते ते यासाठी.

आता त्याची दोन टोके सरळ २३० व्होल्टना जोडली तर काय होईल? समजा, तीन फेजवर मोकळ्या मशीनचा दाब ७० व्होल्ट होता. म्हणजे शिखर ७३. दाब ४०० वरून २३० वर आला, म्हणून शिखर ४२. एक फेजच्या लहरीची सरासरी शिखराच्या ६३.७ टक्के, म्हणून फार तर २७ व्होल्ट. आर्क जळत राहायलाच २५ लागतात आणि पेटवायला त्याहून बरेच जास्त. तेव्हा रॉड फक्त चिकटतो.

दुसरा सुचणारा उपाय म्हणजे तिन्ही गुंडाळ्या समांतर जोडून एकाच फेजवर घालणे. तो मुळातच चुकीचा आहे. तीन फेजमध्ये तीन पायांतल्या चुंबकी प्रवाहांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते. एका पायातून वर गेलेला प्रवाह दुसऱ्या दोहोंतून खाली येतो. तिन्ही एकाच वेळी वर गेले तर परतीला लोखंडाची वाटच उरत नाही. गुंडाळ्या भरमसाट प्रवाह ओढतात आणि जळतात.

एक फेरबदल मात्र शास्त्राला धरून आहे. आपल्या देशातल्या जुन्या यंत्रांवर ४१५ आणि २४० हे आकडे दिसतात. ४१५ ला ३ च्या वर्गमूळाने, म्हणजे १.७३२ ने भागा : २४० येतात. मशीनची मुख्य बाजू स्टार जोडणीत असेल, तर तिची प्रत्येक गुंडाळी मुळातच २४० व्होल्टची असते. अशा वेळी स्टार सोडून फक्त दोन पायांवरच्या गुंडाळ्या घ्यायच्या आणि त्या उलटसुलट दिशेने एक फेजला समांतर जोडायच्या. चुंबकी प्रवाह एका पायातून वर जातो, दुसऱ्यातून खाली येतो. तिसरा पाय रिकामा राहतो. ७० व्होल्टच्या मशीनमधून मग दुय्यम गुंडाळ्यांच्या जोडणीनुसार सरासरी ४७ ते ५४ व्होल्ट मिळतात. एवढ्यावर आर्क पेटू शकतो.

पण दहा ज्यूलचा प्रश्न शिल्लकच राहतो. आता दिष्ट प्रवाहही सेकंदाला १०० वेळा शून्याकडे झेपावतो. म्हणून डायोडच्या पुढे मोठा चोक बसवावा लागतो. प्रवाह १२० वरून ८० अँपिअरवर येईपर्यंत त्याने १० ज्यूल परत द्यावेत असे गणित केले, तर अडीच मिलिहेन्रीचा चोक येतो. १२० अँपिअर सोसणाऱ्या जाड तारेचा असा चोक म्हणजे पुन्हा तांबे आणि लोखंडच. शिवाय सहापैकी चारच डायोड काम करतात. पूर्वी प्रत्येक डायोड एक तृतीयांश वेळ प्रवाह वाहून नेत होता, आता अर्धा वेळ नेतो. तांब्याचा तिसरा हिस्सा बसून राहतो. त्यामुळे ३०० अँपिअरच्या मशीनकडून निम्म्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. मुख्य बाजू डेल्टा जोडणीत असेल तर गुंडाळ्या ४०० व्होल्टच्या असतात, आणि आधी दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवाहाचे नियंत्रण थायरिस्टरने होत असेल, तर त्याचे इलेक्ट्रॉनिक मंडल तिन्ही फेजकडे पाहून चालते. तिथे हा उद्योग करूच नये.

फिरणाऱ्या वजनात : मोटार आणि रेल्वेचे इंजिन

तीन फेजची मोटार फिरत असताना एक तार तुटली तरी ती फिरत राहते. थांबलेली असेल तर मात्र नुसती घुमते. शिलाई मशीनसारखा हाताचा झटका दिला तर सुरू होते. फिरत्या मोटारीत आणखी एक गंमत घडते. रोटरबरोबर फिरणारे चुंबकी क्षेत्र तिसऱ्या, न जोडलेल्या गुंडाळीवरूनही जाते आणि तिच्यात योग्य अंतराने मागे असणारा दाब निर्माण करते. म्हणजे मोटारच तिसरा फेज तयार करते. तो दुसऱ्या यंत्राला देता येतो. याला फिरता फेज-परिवर्तक म्हणतात.

ही युक्ती मोठ्या प्रमाणावर रेल्वेने वापरली. हंगेरीच्या काल्मान कांडो या अभियंत्याने आखलेल्या इंजिनांत एक फेजच्या विजेपासून अनेक फेजची वीज करणारा फिरता परिवर्तक होता. ती इंजिने १९३० च्या दशकात धावू लागली. आपल्याकडे २५,००० व्होल्टच्या मार्गांवर डोक्यावरची तार एकच, म्हणजे वीज एक फेजची. इंजिनातले पंखे आणि काँप्रेसर चालवणाऱ्या मोटारी मात्र तीन फेजच्या. भुसावळ–नागपूरसारख्या मार्गांवर धावलेल्या डब्ल्यूएएम-४ आणि डब्ल्यूएजी-५ या इंजिनांत त्यासाठी 'आर्नो' नावाचा फिरता परिवर्तक होता. पुढे त्याची जागा इलेक्ट्रॉनिक परिवर्तकाने घेतली.

दहा ज्यूल इथे कुठे असतात? रोटरच्या गतीत. २० किलो वजनाचा, ८ सेंटिमीटर त्रिज्येचा भरीव रोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेत असेल, तर त्याच्यात ७२० ज्यूल गतिज ऊर्जा असते. त्यातून १० ज्यूल घेतले तर वेग एक टक्क्यानेही कमी होत नाही. म्हणून जुन्या मशीनपैकी मोटार-जनित्र जातीचे, म्हणजे तीन फेजच्या मोटारीने दिष्ट प्रवाहाचे जनित्र फिरवणारे मशीन एक फेजवर आणायला सगळ्यांत सोपे असते. साठवणीची सोय त्याच्या पोटातच आहे. सुरू करण्याची व्यवस्था करावी लागते, दाब जुळवावा लागतो आणि शक्ती कमी मिळते, एवढेच.

कन्डेन्सरचा झोका

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धारित्रातला प्रवाह दाबाच्या ९० अंश पुढे असतो. त्यामुळे दोन तारांपासून धारित्रामार्फत तिसऱ्या टोकाला वीज दिली, तर ती पुढे सरकलेल्या वेळेला पोचते आणि तिसऱ्या फेजसारखी दिसते. पण ती खरोखर १२० अंशांवर आणि योग्य दाबाची असावी यासाठी एक अट आहे. एकट्या धारित्राने पूर्ण समतोल साधतो तो फक्त तेव्हा, जेव्हा यंत्रातला प्रवाह दाबाच्या मागे बरोबर ६० अंश असतो. आणि धारित्राचे मूल्यही त्याच प्रवाहाला जुळणारे असते. प्रवाह बदलला की समतोल गेला.

विहिरीवरचा पंप तासन्‌तास एकच काम करतो. पाणी तेच, उंची तीच, प्रवाह तोच. कन्डेन्सर एकदा जुळवला की जुळला. शिवाय रोटर फिरतो आहे. तो दहा ज्यूलही सांभाळतो आणि तिसऱ्या टोकाचा दाबही सावरतो. तरीसुद्धा मोटार नेहमीपेक्षा तापते आणि वाइंडिंग लवकर जळते, हा अनुभव अनेक शेतकऱ्यांना आहे.

वेल्डिंग मशीन दर मिनिटाला तीन वेगळ्या अवस्थांतून जाते. रॉड उचललेला : जवळजवळ शून्य प्रवाह. रॉड टेकलेला : शॉर्ट सर्किट. आर्क जळत असलेला : मधला प्रवाह. एका अवस्थेला जुळवलेला कन्डेन्सर उरलेल्या दोहोंत चुकीचा ठरतो. शिवाय रेक्टिफायर मशीनमध्ये सावरून घेणारे फिरते वजन नाही.

सगळ्यांत धोक्याची अवस्था रॉड उचलल्यावरची असते. तेव्हा धारित्र आणि लोखंडी गाभ्याची गुंडाळी ही जोडी उरते. दोघांमध्ये ऊर्जा झोक्यासारखी इकडून तिकडे जाते. आर्क हा त्या झोक्याला लागलेला ब्रेक होता, तो निघाला. पुरवठ्याचे धक्के मात्र चालू आहेत. असा योग जुळला की दोघांवरचा दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा कितीतरी वर चढतो. ४४० व्होल्टसाठी बनवलेला कन्डेन्सर तो सोसू शकत नाही. शेडमध्ये स्फोट झाला तो वेल्डिंग चालू असताना नव्हे, थांबवल्यावर झाला, हे आठवा. मेस्त्रीने कन्डेन्सर हलका वापरला असे त्या तरुणाला वाटत होते. जाड वापरला असता तर स्फोट कदाचित दोन दिवस उशिरा झाला असता.

मग आजचा मार्ग कोणता?

गेल्या काही दशकांत साठवणीची जागा बदलली आहे. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन एक फेजच्या विजेचे आधीच दिष्ट दाबात रूपांतर करते. शिखर ३२५ व्होल्ट. तिथे ६८० मायक्रोफॅरडच्या आसपासची धारित्रे बसवली, तर दाब ३२५ वरून २७५ वर येईपर्यंत ती १० ज्यूल देतात. पुढे इलेक्ट्रॉनिक स्विच हा दाब सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करतात. फॅरडेच्या नियमाप्रमाणे वारंवारता वाढली की तेवढ्याच दाबासाठी लोखंडाचा गाभा आणि तारेचे वेढे कमी लागतात. म्हणून ५० हर्ट्झचा दोन माणसांनी न उचलणारा ट्रान्सफॉर्मर इथे मुठीएवढा होतो, आणि अख्खे मशीन एका हातात उचलता येते. १२० अँपिअरच्या आर्कसाठी ते भिंतीतून साधारण २५ अँपिअर घेते. साध्या ट्रान्सफॉर्मरला ४२ लागत होते. रेल्वेच्या डब्ल्यूएजी-९ सारख्या इंजिनांतही असेच आहे : एक फेज, मधे दिष्ट दाबाची पायरी आणि धारित्रे, पुढे तीन फेजच्या मोटारी.

याचा अर्थ जुने मशीन भंगारच, असा नाही. मोटार-जनित्र जातीचे असेल तर ते एक फेजवर आणणे शहाणपणाचे ठरू शकते. स्टार जोडणीचे साधे रेक्टिफायर मशीन जाणकाराच्या हातून, निम्म्या क्षमतेवर समाधान मानून बदलता येते. पण चोकचे तांबे, मजुरी आणि जोखीम धरली तर हिशेब बहुधा छोट्या इन्व्हर्टर मशीनच्या बाजूने झुकतो. जिथे ३०० अँपिअर खरोखर हवे आहेत तिथे तीन फेजची जोडणीच घ्यावी.

मशीन कोणतेही असो, तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली, मंजूर भार. २५ काय आणि ४२ काय, हे प्रवाह घरगुती वायरिंगसाठी नाहीत. स्वतंत्र जाड तार, योग्य क्षमतेचा ब्रेकर, पक्के अर्थिंग आणि परवानाधारक वायरमन हवाच. दुसरी, न्यूट्रल. समतोल तीन फेजमध्ये न्यूट्रलमधून प्रवाह जात नाही. एक फेजवर सगळाच प्रवाह तिच्यातून परततो. वाटेत तारांचा आणि सांध्यांचा अडथळा अर्धा ओहम असला, तर ४२ अँपिअरला २० व्होल्टपर्यंत दाब पडू शकतो आणि आर्क पेटताच शेजारचे दिवे लवतात. खांबावरचा न्यूट्रलचा सांधा तापून सुटला, तर शेजारच्या घरांत २३० ऐवजी ४०० च्या दिशेने दाब चढू शकतो. आपल्या आर्कपायी दुसऱ्याचा टीव्ही जळतो तो असा. तिसरी, धारित्र. स्विच बंद केल्यावरही ते भरलेले राहते. ३२५ व्होल्टला ६८० मायक्रोफॅरडमध्ये ३६ ज्यूल असतात. ते जीवघेणे ठरू शकतात. झाकण उघडण्यापूर्वी योग्य रोध जोडून ते रिकामे झाल्याची खात्री केलीच पाहिजे.

वर्गासाठी

वर दिलेली साइनच्या वर्गांची बेरीज नववी-दहावीचे विद्यार्थी आलेख कागदावर दर १५ अंशांनी करू शकतील. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली अंधाऱ्या खोलीत पांढरी पट्टी वेगाने हलवली, तर एक सलग पट्टा दिसण्याऐवजी वेगवेगळ्या अनेक पट्ट्या दिसतात. तो सेकंदाला शंभरदा मंदावणारा प्रकाश. आणि शाळेत शिलाई मशीन असेल तर त्याची मृत जागा प्रत्येकाने पायाने अनुभवावी. वायरची उघडी टोके आणि कन्डेन्सर मात्र या प्रयोगांपासून दूर ठेवावेत.

त्या संध्याकाळी आम्ही शेडमधल्या पत्र्यावर खडूने हे सगळे गणित मांडले. मशीनचे झाकण उघडून पाहिले. मुख्य बाजू डेल्टा जोडणीत होती. तो तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सर, मोटारीला कन्डेन्सर चालला तो मोटार एकाच चालीनं चालते म्हणून. आर्कला चाल नाही."

माझा मित्र माझ्याकडे पाहून हसला. गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. रोजच्या कामाला शेडमध्ये आता छोटे इन्व्हर्टर मशीन आहे, आणि त्यासाठी वेगळी वायर टाकून भार मंजूर करून घेतला आहे. जुने मशीन अजून ताडपत्रीखालीच आहे. तीन फेजच्या जोडणीसाठी त्याने शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याबरोबर मिळून अर्ज केला आहे. फुटलेला कन्डेन्सर मित्राने शाळेत मागून नेला आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आहे. प्रत्यावर्ती विजेचा धडा तो आता त्याच्यापासून सुरू करतो.